गिटार शिकायची, पण कोणत्या मार्गाने?

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की अनेक घरांत गिटारचा विषय निघतो. वाद्य विकत घेतले जाते, क्लास लावला जातो किंवा मोबाइलवरील धडे सुरू होतात. पावसाळा संपेपर्यंत यांतील कित्येक गिटारी कपाटावर जाऊन बसलेल्या असतात. ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नाही. नव्याने गिटार हाती घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पहिल्या वर्षातच ती सोडून देतात, असे फेंडर या प्रसिद्ध अमेरिकी गिटार कंपनीचे तत्कालीन प्रमुख अँडी मूनी यांनी २०१०च्या दशकात सांगितले होते. अंगात कला नव्हती, असे म्हणून घरचे लोक विषय संपवतात. पण अनेकदा चूक असते ती सुरुवातीच्या निवडीत: वाद्याच्या, शिक्षकाच्या किंवा शिकण्याच्या पद्धतीच्या.

पुण्या-मुंबईत पर्याय इतके आहेत की निवडीचा विचार मागे पडतो. घराजवळचा क्लास तोच चांगला ठरतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांमध्ये वसलेल्या यावलसारख्या तालुक्याच्या गावी मात्र हा विचार टाळता येत नाही. चार शिक्षक पाहून त्यांतून एक निवडायचा तर तापी ओलांडून भुसावळ किंवा जळगाव गाठावे लागते. तासाभराच्या शिकवणीसाठी जाण्यायेण्याचा वेळ, एसटीचे भाडे आणि परतीच्या गाडीची चिंता, हे सारे हिशेबात धरावे लागते. म्हणूनच तेथे प्रश्न नेमका होतो: शिक्षकासमोर बसूनच शिकावे असे काय आहे आणि घरी बसून शिकता येण्याजोगे काय आहे? त्याचे उत्तर शहरातील वाचकालाही तितकेच उपयोगी आहे.

आधी गिटार कोणती ते ठरवा

'गिटार शिकवतो' या पाटीमागे दोन वेगळी वाद्ये असू शकतात. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. डाव्या हातातील धातूची कांडी तारांवरून सरकवल्याने मींड सहज निघते आणि त्यामुळे हे वाद्य भारतीय रागसंगीताला मानवले. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत याच पद्धतीचे वादन केले. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी त्यातून मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळवला. व्हॅन शिप्ले आणि सुनील गांगुली यांच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांमुळे एका पिढीच्या कानात गिटार म्हणजे हीच बसली होती.

आजचा तरुण ज्या गिटारवर गाण्याची साथ करू इच्छितो ती स्पॅनिश गिटार. ती छातीशी धरतात आणि डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबतात. दोन्हींची तंत्रे इतकी वेगळी आहेत की एकीचे शिक्षण दुसरीवर फारसे चालत नाही. त्यामुळे शिक्षकांना पहिला प्रश्न विचारावा तो हाच: 'सर, आपण कोणती गिटार शिकवता?'

स्पॅनिश गिटारमध्येही तीन प्रकार आहेत. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ असते. तिची मान रुंद असते आणि पाश्चात्त्य अभिजात वादनासाठी तीच वापरतात. पोलादी तारांची अकूस्टिक गिटार चित्रपटगीते, भावगीते यांच्या साथीला योग्य. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा दाबायला हलक्या असतात, पण अँप्लिफायरचा खर्च वाढतो. लहान मुलांना पूर्ण आकाराची गिटार देऊ नये. त्यांच्यासाठी अर्ध्या व पाऊण आकाराच्या गिटारी मिळतात.

स्वस्त वाद्य घेताना एक गोष्ट जरूर पाहावी. बाराव्या पडद्यापाशी, म्हणजे फ्रेटपाशी, तार तीन मिलिमीटरहून अधिक उंच असेल तर बोटे दुखतात आणि नवशिक्याला दोष स्वतःचाच वाटतो. ही उंची कारागिराकडून कमी करून घेता येते.

शिक्षक नेमका कशासाठी?

कोणत्या कॉर्डला कोणते बोट कोठे ठेवायचे, ही माहिती आज फुकट मिळते. तेवढ्यासाठी शिक्षकाची गरज उरलेली नाही. शिक्षक हवा तो हात पाहण्यासाठी. मनगट नको तितके वाकले आहे, अंगठा मानेच्या मागे राहण्याऐवजी वर सरकला आहे, बोट पडद्याच्या लगत न पडता मध्येच पडते आहे, शेजारच्या तारेला स्पर्श होऊन तिचा आवाज दबतो आहे: या चुका वाजवणाऱ्याला स्वतःला दिसत नाहीत. महिनाभरात त्यांची सवय होते आणि पुढे ती मोडणे नव्याने शिकण्यापेक्षा कठीण जाते. लयीचेही तसेच. कॉर्ड बदलताना नवशिक्या नकळत थांबतो आणि समोर बसलेला माणूसच ते थांबणे पकडतो.

याचा अर्थ असा की शिक्षकाची सर्वाधिक गरज पहिल्या दोन-तीन महिन्यांत असते. 'आधी मोबाइलवर थोडे शिकू, जमले तर क्लास लावू' हा रूढ क्रम म्हणूनच उलटा आहे. आधी शिक्षक आणि नंतर मोबाइल, हा क्रम अधिक लाभाचा. यावलच्या विद्यार्थ्याला वर्षभर दर आठवड्याला नदीपार जाणे परवडणार नसेल, तर पहिले आठ-दहा आठवडे नियमाने जावे आणि पुढे महिन्यातून एकदा हात तपासून घ्यावा. बहुतेक शिक्षकांना अशी व्यवस्था आधी विचारून ठेवलेली आवडते.

शिक्षक निवडताना त्यांचे स्वतःचे वादन ऐकावेच, पण त्यांच्या वर्षभर शिकलेल्या विद्यार्थ्याचे वादन आवर्जून ऐकावे. एका तुकडीत किती जण असतात, हेही विचारावे. दहा जणांच्या वर्गात प्रत्येकाच्या हाताकडे लक्ष देण्यास तासातील जेमतेम सहा मिनिटे येतात.

मोबाइलवरचे धडे

घरबसल्या शिक्षणाला कमी लेखण्याचे कारण नाही. मूळचे ऑस्ट्रेलियातील जस्टिन सँडरको यांनी २००३ मध्ये सुरू केलेले संकेतस्थळ आजही नवशिक्यांना क्रमवार धडे विनामूल्य देते. यूझिशियनसारखी अॅप वाजवलेला स्वर ऐकून चूक-बरोबर सांगतात. फेंडरनेही २०१७ मध्ये आपले शिक्षण अॅप आणले. मराठी आणि हिंदीतूनही धडे उपलब्ध आहेत. एकच धडा वीस वेळा पाहता येतो, गाणे संथ करून वाजवता येते. हे कोणत्याही क्लासमध्ये शक्य नाही.

मात्र, अॅप स्वर ऐकते. मनगट पाहत नाही. शिवाय धड्यांची विपुलता हाच येथील मोठा धोका आहे. आज एक गाणे, उद्या दुसरे असे करत विद्यार्थी वीस गाण्यांची सुरावट शिकतो, पण पूर्ण वाजवता एकही येत नाही. उपाय साधा आहे. एकच अभ्यासक्रम निवडावा आणि तो संपेपर्यंत दुसरा उघडू नये. थेट ऑनलाइन शिकवणी हा मधला मार्ग. त्यात मोबाइल असा ठेवावा की शिक्षकांना दोन्ही हात दिसतील.

परीक्षा द्यावी का?

ज्यांना वेळापत्रकाशिवाय अभ्यास होत नाही, त्यांना परीक्षेचा आधार होतो. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांत प्राथमिक पायरीनंतर आठ श्रेणी असतात. १८८९ मध्ये स्थापन झालेले एबीआरएसएम हे मंडळही गिटारची परीक्षा घेते. २०२० पासून या संस्थांनी ध्वनिचित्रमुद्रण पाठवून परीक्षा देण्याची सोय केल्याने केंद्र दूर असण्याची अडचण पुष्कळ कमी झाली आहे. रागसंगीताकडे ओढा असणाऱ्यांसाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षा आहेत. पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण हवे असल्यास पणजीतील कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग हे जवळचे नाव. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी परीक्षा देणार असाल, तर कोणती परीक्षा ग्राह्य धरली जाते हे शाळेतून आधी विचारून घ्यावे.

केवळ मित्रमंडळींत गाणी म्हणायची असतील, तर परीक्षेची सक्ती टाळलेलीच बरी.

पेटी येत असेल तर

मराठी घरांत गिटारआधी पेटी आलेली असते आणि तो पाया वाया जात नाही. गायकाची पट्टी बदलली की पेटीवर बोटे हलवावी लागतात. गिटारवर हे काम कॅपो नावाचा चिमटा करतो. पहिल्या पडद्यावर कॅपो लावून 'सी' कॉर्डचा आकार धरला की पट्टी काळी एक होते. 'जी'चा आकार धरला की काळी चार. पेटीचे हे गणित जाणणाऱ्या शिक्षकाकडे भजन, भावगीत गाणारा विद्यार्थी लवकर रमतो.

खानदेशी उन्हाळा आणि वाद्य

गिटारच्या लाकडाला साधारणतः ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी पडते; लाकूड आकसते, चिरा पडू शकतात. गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत किंवा बंद मोटारीत ठेवलेल्या गिटारचा सरस सुटण्याची भीती असते. याउलट कूलरच्या थेट झोतात ती दमट होते. वाद्य पेटीत बंद करून, आतल्या भिंतीलगत ठेवावे. सुरात न राहणाऱ्या गिटारवर शिकणाऱ्याचा उत्साह टिकत नाही.

निर्णय घेताना

थोडक्यात, आधी काय वाजवायचे ते ठरवावे. त्यावरून वाद्य, वाद्यावरून शिक्षक आणि शिक्षकाच्या अंतरावरून वेळापत्रक ठरते. वर्षभराची फी एकरकमी भरण्याआधी एक महिना शिकून पाहावे. रोज वीस मिनिटे रियाज करावा. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा तो अधिक फळतो. एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती वेळा अदलाबदल जमते, हे दर आठवड्याला मोजून वहीत लिहावे. बोटांची टोके पहिले काही आठवडे दुखतील. घट्टे पडले की ते थांबते. मनगट किंवा कोपर दुखू लागले, तर मात्र वादन थांबवून बैठक शिक्षकांना दाखवावी.

तीन महिन्यांनंतर एक गाणे न थांबता, लयीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवता आले, तर निवडलेला मार्ग बरोबर आहे असे समजावे. तसे झाले नाही, तर गिटार कपाटावर ठेवण्यापूर्वी मार्ग बदलून पाहावा.