अलीपूरमध्ये वॉरन हेस्टिंग्जचं भूत नेमकं काय शोधतं?

रात्री चार घोड्यांची बग्गी फाटकातून आत येते. एक गोरा साहेब घाईने उतरतो, बंगल्यात शिरतो आणि प्रत्येक खोलीत काहीतरी शोधत फिरतो.

कोलकात्याच्या अलीपूर या श्रीमंत वस्तीतल्या 'हेस्टिंग्ज हाऊस'ची ही गोष्ट शंभरहून जास्त वर्षं सांगितली जाते. साहेब म्हणजे गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज. आपल्याकडे तो शाळेच्या पुस्तकात सालबाईच्या तहापाशी (१७८२) भेटतो.

काळ्या मेजाचं काय झालं?

भुताचं सोडा, पण त्याची हरवलेली वस्तू खरी आहे. हेस्टिंग्ज १७८५ मध्ये इंग्लंडला परतला, त्या गडबडीत त्याचं काळ्या लाकडाचं, खणांचं जुनं मेज गायब झालं. त्यात दोन छोटी चित्रं आणि खासगी कागदपत्रं होती. १७८७ मध्ये 'कलकत्ता गॅझेट'मध्ये जाहिरात आली. ते सामान परत मिळेल अशी माहिती देणाऱ्याला २,००० सिक्का रुपये बक्षीस!

पुढच्याच वर्षी लंडनमध्ये हेस्टिंग्जवर भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून महाभियोग सुरू झाला. १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला. त्यामुळे मेजातल्या कागदांत त्याच्या निर्दोषत्वाचे पुरावे होते, अशी भर गोष्टीत पडली. जाहिरातीत तसा उल्लेख नाही. उलट तिच्यात म्हटलंय की मेज एस्प्लनेडवरच्या घरातून चोरीला गेलं किंवा लिलावात चुकून विकलं गेलं. म्हणजे भूत इतकी वर्षं चुकीच्या घरात शोधतंय!

हेस्टिंग्ज हाऊसमध्ये पुढे शिक्षिकांना प्रशिक्षण देणारी संस्था आली.

आणि ती बंद खोली?

अलीपूरमधलीच दुसरी 'झपाटलेली' इमारत म्हणजे बेल्व्हेडिअर हाऊस. १९५३ पासून राष्ट्रीय ग्रंथालय इथे वाचकांसाठी खुलं झालं. याच परिसरात १७ ऑगस्ट १७८० रोजी हेस्टिंग्ज आणि त्याचा विरोधक फिलिप फ्रान्सिस यांच्यात पिस्तुलांचं द्वंद्व झालं. फ्रान्सिस जखमी झाला, पण वाचला. भांडणाचं एक मोठं कारण होतं मराठ्यांविरुद्धचं युद्ध. फ्रान्सिसने त्यात आडकाठी न करण्याचा शब्द मोडला, असा हेस्टिंग्जचा आरोप होता.

ग्रंथालयात रात्री पावलं वाजतात, असं लोक सांगतातच. त्यात २०१० मध्ये तळमजल्यावर सुमारे १,००० चौरस फुटांचा, दार-खिडकी नसलेला बंदिस्त भाग सापडला. छळखोली, खजिना, सांगाडे... तर्कांना ऊत आला. २०११ मध्ये तपासणी झाली. आत खोली नव्हतीच. इमारतीचा पाया भक्कम राहावा म्हणून तिथे नुसती माती भरलेली होती.