बाभळीची शाई

वडील माजलगावात सुतारकी करायचे. ओली बाभूळ तासून आले की बोटं निळी-काळी झालेली असायची. साबणाला दाद नाही. आई लिंबाची फोड चोळायची, मग डाग उतरायचे. पुढं मी रसायनशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा उलगडा झाला. बाभळीतलं टॅनिन आणि वाकसाचं लोखंड मिळून ती शाईच व्हायची. जुन्या दौतीतली शाई अशीच, फक्त तिथं माजूफळ आणि हिराकस.

आमच्या काळ्या रानात साग कुठला? तो वाड्याच्या दाराला, बाहेरून आणलेला. कुणब्याची तिफण, कुळव, जू, गाडीचा तुंबा, सगळं बाभळीचं. आजोबांच्या वेळी त्याबद्दल खळ्यावर बलुतं मिळायचं, ज्वारीचं. आजोबा गाभ्याचं लाकूड कामाला घ्यायचे. बाहेरचं पांढरं चुलीत.

पांढरं लाकूड जिवंत असतं, त्यात झाड पिष्ट साठवतं. आतल्या पेशी मरण्याआधी ते पिष्ट संपवून टॅनिनसारखी तुरट द्रव्यं तयार होतात आणि लाकडात मुरतात. भुंगेऱ्याला हवं असतं पिष्ट, ते गाभ्यात मिळत नाही. पांढरं वापरायचीच वेळ आली तर आजोबा ओंडका सिंदफणेच्या डोहात काही महिने बुडवून ठेवायचे. पाण्यात पिष्ट कुजून निघून जायचं. झाड अमावस्येलाच तोडावं, असंही ते म्हणत. डोहावर माझा विश्वास आहे, अमावस्येवर नाही.

प्रत्येक झाडाचा मसाला वेगळा. सागात टेक्टोक्विनोन, वाळवी त्यापासून लांब राहते. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळले की कॅटेचिन उतरतं, तोच पानातला कात. फणसाच्या गाभ्याचा पिवळा रंग मोरिनचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन यांनी फणसाच्या कुळातल्या लाकडांची अशी रंगद्रव्यं शोधण्यात वर्षं घातली. ते वाचताना मला मात्र आईची लिंबाची फोडच आठवायची.

1987 मध्ये माजलगावचं धरण झालं. कालवे आले, ऊस आला, मागोमाग ट्रॅक्टर. तिफण भरून घ्यायला कोणी येईना.

आजोबांनी केलेलं एक जू अजून पडवीत टांगलंय. एका कडेला बोटभर पांढरं राहून गेलं होतं, त्याचं पीठ झालं. गाभ्यात परवा खिळा ठोकायला गेलो, तर खिळाच वाकला.