१२१ जणांच्या प्रमुख

पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची मनोऱ्याची जुनी इमारत आहे. १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून पुणेकर तिला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. खात्याच्या पुण्यातील उपकरण विभागाची सूत्रे १९५३ साली अ‍ॅना मणी यांच्याकडे आली. वय पस्तिशीचे. हाताखाली १२१ माणसे, आणि ते सगळे पुरुष!

मणी यांचा जन्म १९१८ साली केरळातील पीरमेड येथे झाला. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे व माणकांच्या वर्णपटांवर संशोधन केले. पाच शोधनिबंध लिहिले, प्रबंधही सादर केला. परंतु एम.एस्सी. नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. १९४५ साली शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या, तेथे हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास केला आणि १९४८ साली पुण्यात रुजू झाल्या.

स्वातंत्र्यापूर्वी अगदी साधी उपकरणेही परदेशातून येत. मणी यांनी सुमारे १०० उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवून घेतले. त्याचे महत्त्व काय? पर्जन्यमापकाच्या तोंडाचा व्यास २ टक्क्यांनी वाढला, तर त्यात सुमारे ४ टक्के पाणी जास्त साठते. मग दोन गावांच्या पावसाची तुलना करायची कशी? चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले बरे, असे मणी यांचे मत होते. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळेही उभारले. १९७६ साली त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या.

आपण स्त्री आहोत याचे अवडंबर मणी यांना आवडत नसे. मला वाटते, त्यांच्या अधिकाराचे मूळ कामातच होते. प्रत्येक उपकरण प्रमाण उपकरणाशी ताडून पाहायचे म्हटले, की हुकूम कोणाचा हा प्रश्न मागे पडतो आणि आकडा बरोबर आहे का, हा पुढे येतो.

पण त्यासाठी आधी उपकरण हातात यावे लागते. आपल्या प्रयोगशाळेत बहुधा मुलगे उपकरण जोडतात आणि मुली वहीत आकडे टिपतात. पुढच्या तासाला ही वाटणी उलटी करून पाहाल का?