टाकीत पाच तासांचं इंधन

(वेळा अमेरिकेच्या मध्य विभागातल्या घड्याळाच्या. ग्रीनव्हिलचं घड्याळ एक तास पुढे.)

सोमवार, १७ ऑक्टोबर १९७७

लिनर्ड स्किनर्ड या रॉक बँडचा नवा अल्बम ‘स्ट्रीट सर्व्हायव्हर्स’ आज बाजारात आला. मुखपृष्ठावर भर रस्त्यात उभे असलेले सातजण आणि भोवती ज्वाळा. मधोमध स्टीव्ह गेन्स, आगीने सगळ्यांत जास्त वेढलेला. पुढे या चित्रावरून भाकिताच्या पुष्कळ कथा रचल्या गेल्या. त्यांत पडण्याची गरज नाही. या गोष्टीत इतकी मोजता येण्यासारखी कारणं आहेत की नियतीला बोलावावंच लागत नाही.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची ही पोरं. शाळेतले पी.टी.चे सर लिओनार्ड स्किनर लांब केसांवरून पाठीस लागायचे, म्हणून त्यांचंच नाव जरा वाकडं करून बँडला दिलं. पत्र्याच्या खोपटात, दिवसभराच्या उकाड्यात तालीम. त्या खोपटाला ते ‘हेल हाऊस’ म्हणत. १९७३ मध्ये पहिला अल्बम आला, त्याच वर्षी ‘द हू’ या बँडच्या दौऱ्यात आधी वाजवायची संधी मिळाली, पुढच्या वर्षी ‘स्वीट होम अलाबामा’ देशभर गाजलं. तीन-तीन गिटार एकदम, आणि समोर अनवाणी उभा राहून गाणारा रॉनी व्हॅन झँट.

यशाइतकीच मारामारीही ठरलेली. रॉनी म्हणजे घरातला तापट थोरला भाऊ. दारू चढली की हात उचलायचा, किबोर्डवाल्या बिली पॉवेलचे दात त्याने पाडले होते. १९७५ मध्ये गिटारवादक एड किंग चालू दौऱ्यातून रातोरात सामान बांधून निघून गेला. १९७६ मध्ये गॅरी रॉसिंग्टनने नशेत गाडी झाडावर घातली. रॉनीने त्याला दंड ठोकला आणि त्या प्रकारावर गाणंही लिहिलं. ते याच नव्या अल्बममध्ये आहे.

पण या ऑक्टोबरमध्ये चित्र पालटत होतं. रॉनीला मुलगी झाली होती, बाटली मागे पडत होती. गेल्या वर्षी आलेल्या स्टीव्ह गेन्सने बँडमध्ये नवं रक्त ओतलं होतं. एक दिवस आपण सगळे याच्या सावलीत उभे राहू, असं रॉनी म्हणायचा. स्वतःला मारण्याचे बहुतेक सगळे मार्ग चोखाळून झाल्यावर ही मंडळी आता कुठे शहाणी व्हायला लागली होती. सांभाळता येईल ते सांभाळत होती. विमान मात्र दुसऱ्याच्या हातात होतं.

बुधवार, १९ ऑक्टोबर

विमान म्हणजे कॉन्व्हेअर २४०. दोन पंख्यांचं, सुमारे तीस वर्षांचं, टेक्सासमधल्या एका कंपनीकडून वैमानिकांसकट भाड्याने घेतलेलं. त्याच वर्षी ‘एरोस्मिथ’ बँडच्या माणसांनीही ते पाहिलं होतं. विमान आणि वैमानिक दोन्ही पसंत न पडल्याने त्यांनी नकार दिला. रॉकच्या धंद्यात अशी नापसंती एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पोहोचत नाही. ज्याला विमान हवं असतं, तो भाडं विचारतो.

दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला येताना उजव्या इंजिनातून लांबलचक ज्वाळा निघताना प्रवाशांनी पाहिली. याला ‘टॉर्चिंग’ म्हणतात. इंजिनात नीट न जळलेलं इंधन एक्झॉस्टमधून बाहेर पडतं आणि तिथे पेटतं. पाहणाऱ्याला आगीची भीती वाटते, ती साहजिक आहे. खरा धोका हिशेबातला आहे: बाहेर जळणारा प्रत्येक थेंब टाकीतून कमी होतो आणि विमान मात्र त्यावर एक पाऊलही पुढे जात नाही.

संध्याकाळी ग्रीनव्हिल मेमोरियल ऑडिटोरियममध्ये कार्यक्रम झाला. रॉनी, स्टीव्ह आणि कोरसमध्ये गाणारी स्टीव्हची बहीण कॅसी यांचा तो शेवटचा.

गुरुवार, २० ऑक्टोबर, दुपार

कॅसीला त्या विमानात पाय ठेवायचा नव्हता. सामानाच्या ट्रकमधून जाते म्हणाली. गिटारवादक अ‍ॅलन कॉलिन्सही कुरकुरत होता. बरीच बोलाचाली झाली. लुइझियानातल्या बॅटन रूजला पोहोचलो की मेकॅनिक इंजिन बघेल, आणि पुढे दुसरं विमान घेऊ, असं ठरलं. वेळ आली असेल तर कुठेही जायचंच, या अर्थाचं काहीतरी रॉनी बोलल्याचं अपघातातून वाचलेल्यांनी सांगितलं आहे. कॅसी विमानात चढली.

“एवढी एकच खेप” हे वाक्य एस.टी.च्या डेपोपासून विमानतळापर्यंत सगळीकडे ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ती खेप सुखरूप पारही पडते. म्हणूनच ते इतकं घातक आहे.

टाकीत ४०० गॅलन, म्हणजे सुमारे दीड हजार लिटर इंधन भरलं गेलं. कॅप्टन वॉल्टर मॅक्रीरी आणि सहवैमानिक विल्यम ग्रे यांच्या वतीने दिलेल्या फ्लाइट प्लॅनमध्ये दोन आकडे होते. प्रवासाला लागणारा वेळ २ तास ४५ मिनिटं. जवळचं इंधन ५ तासांचं.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणीही निर्धास्त होईल. सव्वादोन तासांची शिल्लक! पण ‘पाच तास’ हा इंधनाचा आकडा नाही, गणिताचं उत्तर आहे: टाकीत इतके गॅलन, इंजिनं तासाला इतके पितात, भागा. उजवं इंजिन पूर्वीसारखं पीत नसेल तर भाजक बदलला, आणि उत्तर पुन्हा काढायला हवं. ते काढलं गेलं नाही.

४.०२

विमान उडालं. २४ प्रवासी, २ वैमानिक. वाट नैर्ऋत्येची, उंची १२,००० फूट, हवा स्वच्छ.

५ ते ६.३०

या दीड तासात काही घडलं नाही. काहीजण पत्ते खेळत बसले, काहीजण झोपले. रॉनीही जमिनीवरच आडवा झाला होता.

खरं तर जे घडायचं ते याच दीड तासात घडत होतं. मिश्रणात इंधन किती आणि हवा किती हे वैमानिकाला ठरवता येतं. इंजिन कुरकुरत असेल तर मिश्रणात इंधन जास्त ठेवायचा मोह होतो, कारण इंजिन सुरळीत चालतं, पण खर्च वाढतो. समोरच्या फलकावर इंधनाचा प्रवाह दाखवणारे काटे असतात, टाकीतली पातळी दाखवणारे असतात. चौकशी मंडळाने पुढे लिहिलं की वैमानिकांनी या उपकरणांकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, म्हणून वाढलेला खर्च त्यांच्या ध्यानात आला नाही. शवविच्छेदनात दोघांच्याही शरीरात दारू आढळली नाही. म्हणजे रॉकच्या विमानाबद्दल लोकांच्या मनात येणारं सोपं स्पष्टीकरण इथे चालत नाही. दोन शुद्धीतली माणसं, दोन काटे, आणि पाठीमागे त्यांच्या भरवशावर झोपलेले लोक.

६.४२

सूर्य नुकताच मावळला होता. ह्यूस्टनच्या हवाई नियंत्रण केंद्राला विमानातून निरोप गेला: जवळात जवळचा विमानतळ हवा. आणीबाणी आहे का, असं केंद्राने विचारलं. उत्तर आलं की इंधन संपत आलंय, मॅककोमची दिशा द्या, शक्य तितक्या लवकर. बोलण्यात अदब कायम होती, प्रत्येक वाक्याला ‘सर’.

मिनिटभरात दिशा मिळाली. मॅककोमचा विमानतळ मागे राहिला होता; ईशान्येला वळायचं होतं. ज्याला एक गॅलनही परवडत नाही, त्याने मागे वळायचं.

६.४४

इंधन संपलं, असं विमानातून सांगितलं गेलं. केंद्राने खात्री करून घ्यायला विचारलं, तर उत्तर आलं की माफ करा, तशी फक्त खूण दिसतेय. कसली खूण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

६.४५

उंची साडेचार हजार फूट. यानंतर केंद्राच्या हाकांना उत्तर नाही.

आत इंजिनांचा आवाज बंद झाला होता. ड्रमर आर्टिमस पाइल माजी मरीन, स्वतः विमानाची माहिती असलेला. त्याचे वडील विमान अपघातातच गेले होते. तो कॉकपिटमध्ये डोकावला, तेव्हा मागे जाऊन पट्टे बांधायला सांगा, असं त्याला सांगण्यात आलं. कॅप्टनच्या डोळ्यांत आपल्याला भीती दिसली, असं तो नंतर सांगत असे. रॉनीला झोपेतून उठवलं गेलं. पाइलच्या आठवणीत रॉनी उशी घेऊन त्याच्या शेजारून गेला, हात मिळवला आणि पुढच्या बाजूला जाऊन बसला. विमान आधी पुढूनच आदळणार होतं.

६.५२ च्या सुमारास

मिसिसिपीतलं गिल्सबर्ग, घनदाट रान आणि दलदल. विमान झाडांच्या शेंड्यांवर टेकलं आणि फांद्या, खोडं मोडत सुमारे दीडशे मीटर घुसत गेलं. बाहेरून असंख्य बेसबॉलच्या बॅटी एकदम पत्र्यावर बडवाव्यात तसा तो आवाज, असं रॉसिंग्टनने सांगितलं.

सहाजण गेले. रॉनी व्हॅन झँट, स्टीव्ह गेन्स, कॅसी गेन्स, सहायक रोड मॅनेजर डीन किलपॅट्रिक, आणि दोन्ही वैमानिक. रॉनीने तिशीही पाहिली नव्हती. स्टीव्ह २८ वर्षांचा होता.

वीसजण वाचले, याचं एक मोठं कारण फार विचित्र आहे: आग लागली नाही. पेटायला काही उरलंच नव्हतं.

७ नंतर

बरगड्या मोडलेल्या अवस्थेत पाइल आणि आणखी दोघे अंधारात, चिखलातून निघाले आणि एका शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचले. रक्तामातीने माखलेले, लांब केसांचे तीन अनोळखी पुरुष अंगणात पाहून शेतकऱ्याने बंदूक उचलली. त्या रात्री गोळी पाइलला लागली की हवेत उडाली, यावर त्याचं आणि शेतकऱ्याचं कधीच एकमत झालं नाही. काय घडलंय ते समजल्यावर मात्र गावचे लोक धावले. वरून हेलिकॉप्टरने प्रकाशझोत धरला, लोकांनी कमरेइतक्या पाण्याचा ओढा ओलांडून जखमींना उचलून आणलं. रॉसिंग्टनची हाडं जागोजागी मोडली होती, पॉवेलचं नाक चेहऱ्यापासून जवळजवळ सुटलं होतं. त्याच अंधारात काहींनी आठवण म्हणून सामान पळवलं, हेही त्या रात्रीचंच.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

बॅटन रूजला विद्यापीठाच्या सभागृहात आजचा कार्यक्रम होता. तो झाला नाही.

त्यानंतर

रेकॉर्ड कंपनीने ज्वाळांचं मुखपृष्ठ मागे घेतलं. त्याच सातजणांचं काळ्या पार्श्वभूमीवरचं चित्र आलं. अल्बम प्रचंड खपला. वाचलेले वादक १९८७ मध्ये पुन्हा एकत्र आले, रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी गाऊ लागला. नाव कोणाचं, पैसे कोणाचे, त्या रात्री विमानात नेमकं काय झालं, यावरून वाचलेले आणि मृतांच्या घरचे लोक पुढे कित्येक वर्षं एकमेकांविरुद्ध कोर्टात आणि मुलाखतींत भांडत राहिले. मूळ संचातला शेवटचा गडी रॉसिंग्टन मार्च २०२३ मध्ये गेला.

चौकशी मंडळाचा अहवाल १९७८ मध्ये आला. कारण: इंधन संपून दोन्ही इंजिनं बंद, कारण वैमानिकांचं इंधनाकडे दुर्लक्ष, जोडीला अपुरं नियोजन आणि उजव्या इंजिनातला बिघाड. तो बिघाड नेमका कसला, ते मंडळालाही ठरवता आलं नाही.

अहवालात भाडेकराराचाही विषय आहे, आणि मला तो अपघाताइतकाच संतापजनक वाटतो. विमान टेक्सासच्या कंपनीचं, वैमानिक तिनेच दिलेले. पण करारातल्या एका कलमानुसार विमान ‘चालवणारा’ म्हणजे भाडेकरू. उड्डाणाचे नियम पाळले जातात की नाही हे पाहणं, म्हणजे टाकीत किती आहे आणि इंजिन किती पितंय याची काळजीसुद्धा, कागदोपत्री लिनर्ड स्किनर्ड यांच्याकडे होती.