‘लेडी बी गुड’ : एका हरवलेल्या बॉम्बर विमानाची जन्मकथा

दुसऱ्या महायुद्धातील ज्या विमानांचा शोध पुढे दीर्घकाळ लागला नाही, त्यांत ‘लेडी बी गुड’ या अमेरिकन बॉम्बर विमानाची गणना होते. ४ एप्रिल १९४३ रोजी लिबियातील सोलुक येथील तळावरून ते नेपल्सवरील हल्ल्यासाठी निघाले व परत आले नाही. ते भूमध्य समुद्रात बुडाले असावे, असे त्या वेळी गृहीत धरले गेले. १९५८ मध्ये तेलसंशोधकांना लिबियाच्या वाळवंटात, सोलुकपासून सुमारे ७१० किलोमीटर आत, एक भग्न विमान दिसले. १९५९ मध्ये अमेरिकन पथक तेथे पोहोचले. या विमानाच्या अखेरीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या उत्पत्तीकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. वस्तुतः ओळख पटविण्याचे काम उत्पत्तीच्या नोंदींनीच केले.

विमानाच्या शेपटावर १२४३०१ हा आकडा होता. अमेरिकन लष्करी पद्धतीप्रमाणे क्रमांकाच्या आरंभी आर्थिक वर्षाचे दोन अंक येत, आणि शेपटावर रंगविताना त्यांतील पहिला अंक गाळला जाई. म्हणजे मूळ क्रमांक ४१-२४३०१. येथे अभ्यासकाची एक चूक होण्याचा संभव असतो. ‘४१’ म्हणजे विमान १९४१ मध्ये तयार झाले, असा अर्थ नव्हे. ज्या आर्थिक वर्षाच्या तरतुदीतून विमानाची मागणी नोंदविली गेली, ते वर्ष या अंकांनी दर्शविले जाते. आणि १९४१ चे अमेरिकन आर्थिक वर्ष १ जुलै १९४० पासून ३० जून १९४१ पर्यंतचे होते. अमेरिका युद्धात उतरली ती डिसेंबर १९४१ मध्ये. तेव्हा या विमानासाठी पैशाची तरतूद झाली ती देश अद्याप तटस्थ असताना. प्रत्यक्ष विमान मात्र युद्धकाळातील आहे. कारण ते ज्या ‘डी’ आवृत्तीचे, तिचे उत्पादनच १९४२ मध्ये सुरू झाले.

विमानाची पूर्ण संज्ञा ‘बी-२४डी-२५-सीओ’ अशी होती. यातील ‘बी-२४’ हा लिबरेटर नावाने प्रसिद्ध असलेला चार एंजिनांचा प्रकार होय. त्याचा पहिला नमुना २९ डिसेंबर १९३९ रोजी उडाला. ‘डी’ ही मोठ्या प्रमाणावर निघालेली पहिली आवृत्ती. ‘सीओ’ या अक्षरांनी कॉन्सॉलिडेटेड कंपनीचा सॅन डिएगो येथील कारखाना सूचित होतो. ‘२५’ हा उत्पादनगटाचा अंक आहे. विमाने एकामागून एक बाहेर पडत असताना रचनेत सतत लहानमोठे फेरफार होत. प्रत्येक फेरफारासाठी साखळी थांबविणे परवडणारे नव्हते. म्हणून फेरफार एकत्र करून ते ठरावीक गटापासून लागू केले जात, आणि गटाचा अंक पाहून दुरुस्ती करणाऱ्यास कोणता सुटा भाग लागू पडेल ते कळे.

पुढे लिबरेटरचे उत्पादन पाच कारखान्यांत विभागले गेले व एकूण संख्या अठरा हजारांवर गेली. एकट्या फोर्ड कंपनीच्या विलो रन कारखान्याचा वाटा साडेआठ हजारांहून अधिक होता. इतक्या मोठ्या संख्येत एका विमानाला स्वतःचे असे अस्तित्व क्रमांकानेच प्राप्त होते. ४१-२४३०१ हे २५ मार्च १९४३ रोजी ५१४ व्या बॉम्बर स्क्वाड्रनकडे आले. त्याच्या नाकावर हाताने ‘६४’ हा अंक आणि ‘लेडी बी गुड’ हे नाव रंगविण्यात आले. दहा दिवसांनी निघालेली ती मोहीम त्याची पहिलीच होती.

आता प्रश्न असा की, दोष यंत्राचा होता काय? भग्नावशेषातील बंदुका चालत होत्या, रेडिओ काम देत होता. परंतु परतीच्या प्रवासात वैमानिकाने स्वयंचलित दिशादर्शक चालत नसल्याचे कळविले होते. त्याने तळाकडे दिशा विचारली. तळावरील यंत्राला संदेश कोणत्या रेषेवरून येतो ते कळे. पण विमान त्या रेषेवर समोर आहे की मागे, हे ओळखता येत नसे. विमान तळ ओलांडून पुढे गेले असतानाही ते अद्याप समुद्रावर आहे, असे मानले गेले. उत्पादनगटाच्या नोंदीतून या घटनेचे कारण निघत नाही. विमान नवे होते, सर्वपरिचित आवृत्तीचे होते, इतकेच तिच्यावरून म्हणता येते.

नऊ जणांनी रात्री सुमारे दोन वाजता हवाईछत्रीने उड्या घेतल्या. निर्मनुष्य विमान आणखी सुमारे २६ किलोमीटर जाऊन वाळवंटात उतरले. त्यात अन्नपाण्याचा काही साठा शिल्लक होता. माणसे मात्र उत्तरेकडे चालत गेली. सहवैमानिकाच्या रोजनिशीतील अखेरची नोंद १२ एप्रिलची आहे. १९६० मध्ये आठ जणांचे अवशेष मिळाले. नववा सापडला नाही.

याच जातीच्या दुसऱ्या एका विमानाची गती अगदी निराळी झाली. विलो रन येथे तयार झालेले केएन७५१ हे ब्रिटिश हवाई दलातून भारतीय हवाई दलाकडे आले आणि १९७४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयास देण्यात आले. महायुद्धानंतर कानपूर येथे टाकून दिलेली लिबरेटर विमाने हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली होती. ती १९६८ पर्यंत सेवेत राहिली, आणि पुण्याच्या तळावरूनही उडत असत. आज जगात उरलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी काही याच ताफ्यातील आहेत.

कारखान्याच्या नोंदवहीत या दोन्ही विमानांसाठी एकेक ओळच असते. ती ओळ विमान कोठून आले ते निश्चित सांगते. ते कोठे गेले, आणि कोणासह गेले, हे मात्र अन्य साधनांतून शोधावे लागते. आणि ही दोन्ही साधने एकत्र आणल्याविना अशा विमानाचा इतिहास पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.