छोट्या विमानांचें आवरण

हलगी वाजविणारा वाजविण्यापूर्वीं शेकोटीपाशीं बसून हलगीचें कातडें शेकतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. ओलावा उडाला कीं कातडें आवळतें आणि नाद खणखणीत निघतो. हौसेनें छोटीं विमानें बनविणाऱ्यांपुढेंही बहुतांशीं हाच प्रश्न असे. काड्यांच्या नाजुक सांगाड्यावर पातळ आवरण ताठ तर बसावें, पण त्याच्या ओढीनें सांगाडा वांकूं नये.

१८ ऑगस्ट १८७१ रोजीं पॅरिसच्या त्विलरी बागेंत आल्फॉन्स पेनो या तरुणानें पिळलेल्या रबराच्या बळावर चालणारें आपलें छोटें विमान सोडलें. तें ११ सेकंदांत सुमारें ४० मीटर गेलें. त्याच्याच धर्तीचें बांबू, बूच व कागद यांचें एक उडतें खेळणें १८७८ मध्यें अमेरिकेंतील एका धर्मोपदेशकानें आपल्या मुलांना आणून दिलें. तीं मुलें म्हणजे राइट बंधु. १९०३ सालीं उडालेल्या त्यांच्या विमानावर निव्वळ सुती कापड होतें.

कापड हवेबरोबर सैल पडे. म्हणून पुढें त्यावर ‘डोप’ नांवाचें, सेल्युलोज विरघळवून केलेलें रोगण फांसूं लागले. तें वाळतांना आकसतें व कापड ताणतें. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडच्या विमान-कारखान्यांतून हें काम करणाऱ्या कामगारांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. रोगणांतील टेट्राक्लोरोइथेन या द्रवाच्या वाफेनें त्यांचीं यकृतें बिघडलीं, कावीळ झाली, कित्येकांचे प्राण गेले. आवरण ताणण्याची ही किंमत इतिहासांत क्वचितच सांगितली जाते. तो द्रव मग टाकून दिला गेला, रोगण मात्र राहिलें.

हौशी लोक पातळ जपानी कागद चिकटवीत, त्यावर पाणी शिंपडीत, आणि वाळल्यावर डोपाचे हात देत. उग्र दर्प घरभर पसरे. हात जास्त झाले तर पंखच पिळवटे!

१९४१ मध्यें व्हिनफील्ड व डिक्सन या इंग्रज रसायनज्ञांनीं पॉलिएस्टर शोधून काढलें. त्याची पातळ फिल्म लांबीरुंदीस ताणून त्याच स्थितींत थंड केली, तर पुन्हां ऊब लागतांच ती आकसूं पाहते. अशा फिल्मला रंग व पाठीमागें चीक लावून टॉप फ्लाइट या अमेरिकन कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत ‘मोनोकोट’ आणली. चीक कमी उष्णतेवर वितळतो, फिल्म जास्त उष्णतेवर आकसते. सारी युक्ति या अंतरांत आहे. प्रथम मंद इस्त्रीनें कडा चिकटवावयाच्या, मग इस्त्री तापवून मधला भाग शेकावयाचा. सुरकुत्या डोळ्यांदेखत नाहींशा होतात. मात्र पंखाची वरची बाजू व खालची बाजू आलटून पालटून शेकावी लागते. एकाच बाजूस घाई केली तर पंख वळतो.

दर्प गेला, दिवसांचें काम तासांवर आलें. तरीही जुन्या कारागिरांची तक्रार अगदींच खोटी नाहीं. डोप दिलेला कागद सांगाड्याशीं एकजीव होऊन त्यास बळकटी देतो. फिल्म नुसती वरून बिलगते. ती उन्हांत सैल पडते, मग पुन्हां इस्त्री आलीच. शिवाय रबरावर उडणाऱ्या इवल्याशा विमानांस तिचें वजनही पेलत नाहीं. त्यांच्यासाठीं आजही कागद व पाण्याचा फवारा लागतो, आणि तो वाळेपर्यंत पंख पाटावर टांचून ठेवावा लागतो.