टिचबटण आणि डब्याची जीभ

रेवसच्या लाँचमध्ये कुणी प्लास्टिकचा डबा उघडला, की होणारा 'टिच' आवाज मला झबल्याच्या टिचबटणाची आठवण देतो. १८८५ मध्ये जर्मनीत हेरिबर्ट बाउअरने त्याचं पेटंट घेतलं. तिथे धातूची स्प्रिंग होती. डब्याला प्लास्टिकची लवचीक जीभ असते. १९५४ मध्ये इटलीत नाट्टाने बनवलेलं पॉलिप्रॉपिलिन आता आपल्या अंबा नदीकाठच्या नागोठण्यातही तयार होतं.

जिभेच्या आकड्याला पुढे उतार असला की ती सहज बसते. मागेही उतार असेल, तर ओढल्यावर सुटते. मागची कड सरळ ठेवली, तर अडकूनच राहते. जीभ आखूड नि जाड असेल, मुळाशी गोलाई नसेल, तर तिथेच तडकते आणि धडधाकट डबा कचऱ्यात जातो. म्हणून मंडळी, डबा घेताना रंग नंतर पाहा. आधी जिभेचं मूळ पाहा.